फोडणीच्या पावाचं वजन

३ फेब्रुवारी

भावोजी,

नमस्काराची जागा या वेळी रिकामी सोडते आहे. माझा राग उतरला की तुम्हीच भरून घ्या. शाळेच्या नर्सने मुंगीच्या वजनाची चिठ्ठी तुम्हाला दिली, तशी दुसरी पालक म्हणून मलाही पाठवली आहे. वय नऊ पूर्ण, वजन एकोणीस किलो दोनशे ग्रॅम. मागच्या वर्षी ती एकोणीस किलो होती. वर्षभरात पोरीने दोनशे ग्रॅम कमावले. तुमच्या बेकरीतला एक पावसुद्धा याहून जड असेल.

तीनशे खाटांच्या रुग्णालयात कोणी काय खायचं, हे वीस वर्षं मी ठरवते आहे. आणि माझ्या सख्ख्या भाचीच्या ताटलीत काय पडतं ते मला तिच्या वाढदिवसाच्या पत्रातून कळतं. तिने लिहिलंय, "बाबा रोज सकाळी फोडणीचा पाव करतात. मला तो सगळ्यात आवडतो." शिळा पाव, भावोजी! बेकरीत उरला तो घरी आणायचा, फोडणीत परतायचा आणि वाढत्या मुलीपुढे ठेवायचा.

एप्रिलअखेर शाळा संपते. तोवर काटा वीस किलो दाखवत नसेल, तर मी तिला माझ्याकडे घेऊन येईन. धाकटीला मी शेवटच्या दिवशी शब्द दिला होता, तेव्हा तुम्ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभे होतात. उत्तर लेखी द्या. फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता.

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

रिकामी जागा भरून घेतली. नमस्कार.

शिळा पाव म्हणजे टाकाऊ पाव नाही. आदल्या दिवशीचा लागतो, कारण ताजा पाव फोडणीत टाकला की त्याचा गोळा होतो. एक दिवस राहिला की कोरडा पडतो, हाताने कुस्करला की मोकळा होतो. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कांदा, मिरची, हळद. मग चुरा. वर पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून एक वाफ काढायची. दहा मिनिटांत ताटली समोर. पंचवीस वर्षं पाव भाजतो आहे, पण हे मला तुमच्या बहिणीने शिकवलं.

ती गेल्यावर मुंगी पंधरा दिवस नीट जेवली नव्हती. शेजारपाजारचे डबे तसेच परत जात. एका सकाळी मी सहज फोडणी टाकली तर वास घेत स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी उभी राहून सगळं संपवलं. त्या दिवसापासून मी दुसरं काही करायचं धाडस केलं नाही, हे खरं आहे.

मुलगी मी देणार नाही. हे एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. पावात काय कमी आहे ते सांगा, मी घालतो. फक्त ग्रॅममध्ये सांगा. चमचा, मूठ, वाटी मला कळत नाही.

आपला,
मुंगीचा बाबा

१४ फेब्रुवारी

भावोजी,

बरं, ग्रॅममध्ये. राग अर्धा उतरला आहे, म्हणून अर्धा नमस्कार.

मुंगीच्या ताटलीत साधारण शंभर ग्रॅम पाव असतो असं धरते. त्यातून अडीचशे कॅलरी मिळतात आणि प्रथिनं आठ ग्रॅम. तेलाच्या कॅलरी वेगळ्या. मैद्याचा पाव असेल तर चोथा नावापुरता, लोह त्याहून कमी. पोट भरतं आणि अंग भरत नाही, ते यामुळे.

तर: शेंगदाणे वीस ग्रॅम, भाजून, जाडसर कुटून. मटार तीस ग्रॅम. गाजर किसून तीस ग्रॅम. शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा दीडशे ग्रॅम दही. उतरवल्यावर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहा दिलात तर तेच लोह वाया जाईल, तेव्हा चहा बंद. मीठ निम्मं करा, पावात ते आधीच असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि पाव गव्हाच्या सबंध पिठाचा हवा. दुकानातला तपकिरी पाव आणून माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नका.

दर पंधरा दिवसांनी वजन कळवा.

ताई

२ मार्च

ताई,

तपकिरी पावाला रंग कशाने येतो हे मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही बेकऱ्यांवर मोर्चा काढाल. मुंगीचा पाव मी वेगळा भाजतो, सबंध पिठाचा, तिच्या नावाच्या साच्यात. मालक हसतात, पण भट्टीत जागा देतात.

एक गोष्ट माझ्या डोक्याने केली. सबंध पिठाचा पाव नीट फुगत नाही, म्हणून आम्ही त्यात ग्लुटेनची पूड घालतो. गव्हातला जो चिकट भाग असतो, कणीक ताणली जाते ती ज्याच्यामुळे, तोच वेगळा काढून वाळवलेला. पोत्यावर लिहिलंय, शंभर ग्रॅममध्ये पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं. तुम्ही प्रथिनं प्रथिनं करता, म्हणून मी पावागणिक तीस ग्रॅम जास्तीची घालतो आहे. पाव असा फुगतो की साच्यात मावत नाही.

शेंगदाणे, मटार, गाजर, लिंबू, दही सगळं मापात. शिवाय ताटली मी खाण्याआधी तोलतो आणि नंतरही तोलतो. पीठ मोजायचा काटा घरी आणला आहे. मुंगी म्हणते, "बाबा, मलाच ताटलीत बसवून तोला."

मुंगीचा बाबा

८ मार्च

भावोजी,

पुडीची युक्ती माझ्या एकाही विद्यार्थिनीला सुचली नसती. शाबास. पोत्यावरचा आकडा बरोबर आहे, मी पुस्तकात पाहिला. तीसच्या जागी चाळीस ग्रॅम घाला आणि दुपारच्या डब्यातही त्याच पावाचे दोन काप द्या.

पण तुमच्या पत्रात ताटलीचं वजन आहे आणि मुलीचं नाही. चुकून राहिलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही चुकून काही विसरणारे गृहस्थ नव्हेत.

ताई

२० मार्च

ताई,

अठरा किलो सातशे.

मी दोन वेगवेगळ्या काट्यांवर पाहिलं. बेकरीतल्या मोठ्या काट्यावरही नेलं. तिथेही तेच.

ताटलीचे आकडे जोडतो आहे, चौदा दिवसांचे. बघा, रोज वीस-पंचवीस ग्रॅमहून जास्त उरलेलं नाही. ती सगळं खाते. मी समोर बसून बघतो. चाळीस ग्रॅम पुडीचा पाव मी रोज माझ्या हाताने मळतो. यात कुठे चुकतंय ते मला दिसत नाही, तुम्हाला दिसत असेल तर सांगा. मी काहीही करीन.

मुंगीचा बाबा

२४ मार्च

भावोजी,

तुमच्या ताटल्यांच्या आकड्यांची मी पाच वेळा बेरीज केली. इतकं खाणारी मुलगी पाचशे ग्रॅम गमावू शकत नाही. म्हणजे एकतर ती खात नाही, किंवा तुम्ही सांगता ते खरं नाही. रुग्णालयात मी असे बाप रोज पाहते. कोपऱ्यात उभे राहून नर्सला सांगतात की सगळं संपवलं, आणि पलंगाखाली डबा तसाच असतो. ते वाईट नसतात. घाबरलेले असतात. तुम्हीही घाबरला आहात आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती मी माझ्या बहिणीची मुलगी ठेवणार नाही.

एप्रिलअखेरपर्यंत थांबत नाही. बारा तारखेला येते आहे. तिकीट काढलं. तिचे दोन जोड कपडे आणि वह्या बांधून ठेवा. तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, ते माझ्याने होणार नाही.

ताई

४ एप्रिल

ताई,

तुमच्या पत्रावर जी तारीख आहे त्याच दिवशी भट्टीच्या मागच्या भिंतीला चीर गेली. मालकांनी बेकरी बंद केली, गवंडी बोलावले. अकरा दिवस झाले, घरात पावाचा तुकडा नाही. पीठही संपलं आणि बाजारात जायचंही माझ्या जिवावर आलं होतं, तेव्हा भात, दही, बटाटे, अंडी, जे होतं ते चालवलं. ना ताटली तोलली, ना पूड, ना लिंबू. म्हटलं, बारा तारखेला जायचीच आहे, चार दिवस तरी तिच्यासमोर काटा नको.

आज सहज तिला काट्यावर उभी केली. एकोणीस किलो शंभर.

ताई, अकरा दिवसांत चारशे ग्रॅम. तुमच्या एकाही मापाशिवाय. मी हे हिणवायला लिहीत नाही. मी लिहितो आहे कारण ती माझ्याजवळ वाढू शकते हे तुम्हाला दिसावं.

आता खरं सांगतो, कारण खोटेपणाचा शिक्का बसलाच आहे. गेलं वर्षभर खाऊन झाल्यावर तिचं पोट दुखायचं. फुगायचं. शाळेत दोन-दोनदा शौचाला जावं लागायचं. तोंडात फोड यायचे. मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही लगेच घेऊन गेला असता. या अकरा दिवसांत तिने एकदाही पोट धरलं नाही. काल तर जिन्यावरून धावत खाली गेली.

येऊ नका. विनंती करतो. भट्टी उद्या पेटते आहे, परवापासून तुमच्या मापाचा पाव पुन्हा सुरू करतो.

मुंगीचा बाबा

८ एप्रिल

भावोजी,

काल फोनवर जे बोलले ते लिहून पाठवते आहे, कारण तुम्ही तिकडून नुसतं हं-हं केलंत आणि तुम्ही ऐकत होता की नाही तेही मला कळलं नाही.

तुमचं पत्र मी आमच्या बालरोगतज्ज्ञांना वाचून दाखवलं. अर्ध्यातच त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना जवळजवळ खात्री आहे की मुंगीला सिलिअॅक नावाचा आजार आहे. गव्हातला तोच चिकट भाग, ग्लुटेन, तिच्या आतड्याला सोसत नाही. तो पोटात गेला की आतड्याचं अस्तर झडतं, आणि मग वर कितीही शेंगदाणे घाला, अंगी काही लागत नाही. ती खात होती. तुम्ही खरं सांगत होता.

मी तीस ग्रॅमचे चाळीस केले. मी, जिला तीनशे खाटांवरचं पथ्यपाणी तोंडपाठ आहे. पोट दुखतं का, हा पहिला प्रश्न असतो, भावोजी. तो मी परक्या मुलांना विचारते. तुम्हाला मी फक्त वजन विचारत राहिले. तुम्ही लपवलंत ते माझ्या धाकाने लपवलंत, त्यामुळे त्यातलाही मोठा वाटा माझाच.

आणखी एक. धाकटीचं रक्त कायम कमी असायचं, तोंड आलेलं असायचं, आणि आम्ही तिला चिडवायचो की हिचं खाल्लेलं जातं कुठे. ती दुसऱ्याच दुखण्याने गेली, हे मला ठाऊक आहे. तरी दोन दिवस मला तेच आठवतं आहे.

आता कठीण भाग. नक्की सांगायला दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढावा लागतो. तुमच्या गावच्या रुग्णालयाने सहा मेची तारीख दिली आहे. तोपर्यंत तिने गहू खाणं थांबवता कामा नये. थांबवला तर आतडं भरून येऊ लागेल, तपासणी निर्दोष निघेल, आणि मुलगी आयुष्यभर अर्धवट शंकेत राहील. पूड बंद करा. पण साध्या पावाचे दोन काप रोज, न चुकता, द्यायचे आहेत. ते तुम्हालाच द्यावे लागतील.

बाराचं तिकीट रद्द केलं. सहा मेला येते.

ताई

२३ एप्रिल

ताई,

आधी कबुली. दहा तारखेपासून तेरापर्यंत मी तुम्हाला फोनवर "दिला" म्हणून सांगितलं आणि दिला नव्हता. फोडणी टाकली, चुरा हातात घेतला आणि हात कढईवर गेलाच नाही. चार दिवस तिला भात दिला आणि पाव मी खाल्ला. इतकी वर्षं या हातांनी मी हेच करत आलो होतो, हे डोक्यातून जाईना. ती ओट्याशी उभी राहून आनंदाने खायची आणि मी पुढे आणखी वाढायचो.

चौदाला तिने धरलं. ती तुमची भाची आहे, फोनवरचं सगळं ऐकते. म्हणाली, "बाबा, तुम्ही मावशीला खोटं सांगता." मी तिला समजेल तेवढं सांगितलं. पाव तिला दुखवतो आहे, पण डॉक्टरांना ते आत जाऊन बघायचं आहे, म्हणून अजून थोडे दिवस खावा लागेल. मला वाटलं रडेल.

"म्हणजे माझं पोट दुखतं ते खरंच दुखतं ना? मी नाटक करत नाही ना?"

मी विचारलं, नाटक कोण म्हणालं. तर म्हणाली, शाळेत बाई म्हणतात. आणि बाबा, एकदा तुम्हीही म्हणाला होतात, गणिताच्या परीक्षेच्या दिवशी.

म्हणालो होतो, ताई. मला आठवत होतं.

मग तिने स्वतःच डब्यातून दोन काप काढले, कुस्करले आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "द्या फोडणी. एकदा डॉक्टरांना दिसू दे."

तेव्हापासून रोज देतो आहे. दहाच्या सुमारास तिचं पोट दुखायला लागतं. मी दुपारची पाळी मागून घेतली आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्या वेळेला घरी असतो. गरम पाण्याची पिशवी धरून बसतो. आज अजून तेरा दिवस आहेत. तुम्ही सहा मेच्या आधी एक दिवस आलात तर बरं होईल. हे मी पहिल्यांदाच म्हणतो आहे.

मुंगीचा बाबा

१७ मे

भावोजी,

अहवाल तुमच्याकडे पोचला असेलच. तेच आहे. नक्की आहे. आता शंका नाही आणि यापुढे गव्हाचा कणही नाही. तोंडावर सांगायला जमलं नाही ते इथे लिहिते: दुर्बिणीच्या खोलीबाहेर तुम्ही माझी पिशवी दोन तास हातात धरून उभे होता, मला परत द्यायचं तुमच्या लक्षातच आलं नाही. घाबरलेल्या माणसाच्या हाती मुलगी ठेवणार नाही असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मला परत द्या.

पण एक प्रश्न टाळता येत नाही. थोडंसं पीठही तिला चालणार नाही. कढई, पोळपाट, लाकडी चमचे सगळं बदला. हिंगाची डबी वाचा, बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं. आणि तुम्ही? तुमच्या केसांत, बाह्यांत, नखांत मैदा असतो. तुम्ही घरात आलात की पीठ घरात येतं. माझ्या घरात गहू नाही, शाळा समोर आहे, आणि मी दिवसभर हेच काम करते.

या वेळी हुकूम करत नाही. विचारते. तिला काही वर्षं माझ्याकडे ठेवायची का? तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही.

ताई

२८ जुलै

ताई,

उत्तराला सव्वादोन महिने लागले. तुम्ही मधे एकदाही टोचलं नाही, त्याबद्दल आभार.

तुमचा प्रश्न मी मुंगीला वाचून दाखवला नाही. स्वतःलाच विचारत राहिलो. तुम्ही म्हणता त्यात काही चूक नव्हती. तिच्यासाठी तुमचं घर जास्त सुरक्षित, हे मला कागदावर मांडता येत होतं. म्हणून ठरवलं, आधी माझं घर तितकं करून बघायचं. दोन महिन्यांत जमलं नाही तर मी स्वतः तिला घेऊन येणार होतो. कपडे बांधून ठेवले होते, तुम्ही मार्चमध्ये सांगितले होते तसेच.

मळायचं काम सोडलं. मालकांनी भट्टीवर आणि हिशेबी कामावर घेतलं. तरी पीठ उडतंच, म्हणून बेकरीच्या मागे नळाखाली आंघोळ करून, कपडे तिथेच ठेवून घरी येतो. केस बारीक करून टाकले. मुंगी म्हणते बाबा कैद्यासारखे दिसतात. कढई, चमचे, पोळपाट नवे. हिंगाची डबी वाचली, तुमचं खरं निघालं, फेकून दिली.

मग एक खूळ घेतलं. पंचवीस वर्षांचा पाववाला आणि पोरीला पाव नाही, हे मला झेपेना. घरात छोटी भट्टी मांडली. तांदळाचं आणि मक्याचं पीठ, इसबगोल, अंडी. पहिला पाव विटेसारखा झाला. दुसरा मधोमध खचला. तिसऱ्याने साचाच सोडला नाही. चौथा बरा दिसत होता, पण सुरी लावली की त्याचा भुगा व्हायचा. ताण नाही ना त्यात. ताण द्यायला जे लागतं तेच आम्हाला वर्ज्य. मी तो डब्यात टाकला आणि कामावर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मुंगी ओट्याशी. डबा उघडा. म्हणाली, "बाबा, हा आपोआपच कुस्करलेला आहे."

मी चुरा हातात घेऊन पाहिला. शिळा, कोरडा, मोकळा. फोडणीच्या पावाला याहून चांगला चुरा मी गव्हातून कधी काढला नव्हता. मोहरी टाकली, जिरं, कांदा, हळद. शेंगदाणे वीस ग्रॅम घातले, तुमचेच. वरून लिंबू. पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवलं. ती तिथेच उभी राहून खाऊ लागली आणि मी घड्याळाकडे बघत बसलो. नऊ वाजले. दहा वाजले. साडेदहाला ती खाली खेळायला गेली.

काल तिचं वजन वीस किलो शंभर भरलं. तुमच्या मुदतीला तीन महिने उशीर झाला. ती इथेच राहील, ताई. बांधलेले कपडे मी सोडले. पण सुट्टीत तुम्ही या, आणि या वेळी परतीचं तिकीट एकाचंच काढा. पाहुण्या म्हणून सकाळी तुम्हालाही ताटली मिळेल.

आणि हो, तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. त्या दिवशी तिने किती खाल्लं ते माहीत नाही. ताटली तोलायची राहून गेली.

मुंगीचा बाबा